एका घरांत दोन बिऱ्हाडें

जुनी वस्तु टाकून देणें सोपें असतें. ती नव्या कामास लावणें अवघड असतें. त्यांतहि त्या वस्तूंत दुसऱ्या कोणाचें कांहीं ठेवलेलें असेल, तर तिला हात लावणें फारच अवघड असतें. हें मला खरोखर समजलें तें गेल्या दिवाळीच्या सुटींत, आणि तेंहि एका संगणकामुळें. त्या सुटींत माझ्या हातून एक चूक घडली. ती येथें लिहावी कीं न लिहावी, असा विचार मी पुष्कळ दिवस करीत होतों. शेवटीं आबांनींच ‘लिही’ म्हणून सांगितलें, म्हणून लिहीत आहें.

आमच्या वाकडच्या घरीं, खिडकीजवळच्या मेजावर, एक जुना संगणक आहे. माझे आजोबा (आम्ही सर्व त्यांना आबा म्हणतों) भोसरीच्या एका कारखान्यांत सदतीस वर्षें लेथवर काम करून २०११ सालीं निवृत्त झाले. पुढल्या वर्षीं, हातीं आलेल्या रकमेंतून, त्यांनीं स्वतःसाठीं म्हणून हा एकच जिन्नस खरेदी केला. म्हणजे हें यंत्र वयानें माझ्याहून एकाच वर्षानें लहान आहे. आमच्या खिडकींतून पूर्वीं मुळा नदीकडील शेतें दिसत, असें आबा सांगतात. आतां समोर उंच उंच इमारती उभ्या आहेत, आणि सायंकाळीं हिंजवडीहून परतणाऱ्या मोटारींचे दिवे मुंगीच्या गतीनें सरकतांना दिसतात. त्या मोटारींतील बहुतेक मंडळी दिवसभर संगणकावरच काम करून येत असतात. त्यांच्या यंत्रांपुढें आमचें यंत्र म्हणजे विमानापुढें बैलगाडी!

परंतु या बैलगाडींतून आबांनीं फार मोलाचा माल वाहून आणला आहे. २०१३ पासून रोज सकाळीं चहा झाल्यावर ते त्या मेजापाशीं बसत आणि आपल्या आयुष्याची हकीकत मराठींत लिहीत. तरुणपणीं त्यांनीं रात्रीच्या वर्गांत मराठी टंकलेखन शिकून घेतलें होतें. तें त्यांना या कामीं उपयोगी पडलें. माण तालुक्यांतील त्यांचें गांव, १९७२ चा दुष्काळ, पाझर तलावाच्या कामावर फोडलेली खडी, सुकडीसाठीं लावलेली रांग, १९७४ मध्यें भोसरीस धरलेली नोकरी, येथपासून तों वाकडला राहावयास आल्यावर म्हातोबाच्या यात्रेंत पाहिलेल्या पहिल्या बगाडापर्यंत त्यांनीं एकतीस प्रकरणें लिहून काढलीं. तें छापून घ्यावें, असें त्यांच्या कधीं मनांत आलें नाहीं. ‘तुम्हां मुलांना पुढें वाचायला होईल,’ एवढेंच ते म्हणत. आणि खरें सांगावयाचें तर आम्हां मुलांपैकीं कोणीं त्यांतील एक पानहि वाचलें नव्हतें.

या संगणकावर ‘विंडोज’ ही ऑपरेटिंग सिस्टीम आहे. जे वाचक या विषयाशीं परिचित नसतील त्यांच्यासाठीं सांगतों, कीं ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकरूपी घराचा कारभारी होय. कळफलकावरून आलेला निरोप पडद्यापर्यंत पोंचविणें, कोणत्या कामास किती जागा द्यावयाची तें ठरविणें, हार्ड डिस्कवरील फाइलींची नोंद ठेवणें, हीं सर्व कामें त्याच्याकडे असतात. कारभाऱ्यावांचून यंत्र म्हणजे नुसती लोखंडी पेटी. आमच्याकडे आरंभीं विंडोजची सातवी आवृत्ति होती. २०१६ मध्यें तिच्या जागीं दहावी आली. या दहाव्या आवृत्तीची नेहमींची डागडुजी १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं तिच्या निर्मात्यांनीं थांबविली. अकरावी घ्यावी, तर तिला ‘टीपीएम’ नांवाची सुरक्षिततेची सोय आणि बराच अलीकडचा प्रोसेसर लागतो. तीं आमच्या तेरा वर्षांच्या यंत्रांत कोठून असणार? बाबा म्हणाले, ‘भंगारांत देऊं आणि नवा घेऊं.’ आबा कांहीं बोलले नाहींत. ते नुसते मेजाकडे पाहत राहिले.

तेव्हां मी मध्यें पडलों. या यंत्रावर ‘लिनक्स’ नांवाचा दुसरा कारभारी बसवितां येईल आणि त्यास एक रुपयाहि पडणार नाहीं, असें मीं सांगितलें. लिनक्सची कथा मला फार आवडते. फिनलंड देशांतील हेलसिंकी येथें लायनस टॉरव्हाल्ड्स नांवाचा एक २१ वर्षांचा विद्यार्थी होता. आपण केवळ छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टीम तयार करीत आहों, असें त्यानें २५ ऑगस्ट १९९१ रोजीं जाहीर केलें. त्यापूर्वीं, १९८३ पासून, अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन यांनीं ‘जीएनयू’ या नांवानें एक मोठें कार्य आरंभिलें होतें. कोणींहि वापरावे, उघडून पाहावे, सुधारावे आणि शेजाऱ्यास द्यावे, असे कार्यक्रम निर्माण करणें हा त्यांचा हेतु होता. या दोन प्रयत्नांच्या मिलाफांतून आजचें लिनक्स उभें राहिलें. त्याच १९९१ सालीं आपल्या पुण्यांत सी-डॅक या संस्थेनें ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. पुढें याच संस्थेनें लिनक्सच्या आधारावर ‘बॉस’ नांवाची भारतीय प्रणालीहि तयार केली. लिनक्सचे असे अनेक प्रकार आहेत. त्यांपैकीं जुन्या यंत्रास झेपेल असा ‘लिनक्स मिंट’चा हलका प्रकार मीं निवडला.

‘मग जुन्या कारभाऱ्यास काढून टाकूं,’ असें बाबा म्हणाले. पण तें शक्य नव्हतें. आणि त्याचें कारण आबांचें लिखाण हेंच होतें. आबा ज्या फाँटमध्यें लिहीत, तो जुन्या पद्धतीचा होता. अशा फाँटमध्यें मराठी अक्षरांचीं नुसतीं चित्रें रोमन अक्षरांच्या जागीं बसविलेलीं असतात. आपणांस पडद्यावर ‘दुष्काळ’ हा शब्द दिसतो; परंतु संगणकाच्या लेखीं तीं कांहीं तरी इंग्रजी अक्षरें आणि चिन्हेंच असतात. तो फाँट जेथें नाहीं तेथें फाइल उघडली, तर सारें लिखाण निरर्थक अक्षरांची भेळ होऊन समोर येतें. यावर उपाय म्हणून ‘युनिकोड’ हा सर्व लिप्यांचा जागतिक संकेत निघाला. त्याची पहिली आवृत्तिहि १९९१ मध्येंच प्रसिद्ध झाली आणि तींत देवनागरीस स्वतःची जागा मिळाली. युनिकोडांत प्रत्येक अक्षरास ठराविक क्रमांक आहे. ‘अ’ म्हणजे २३०९, ‘क’ म्हणजे २३२५. मग फाँट कोणताहि असो, अक्षर बदलत नाहीं. आबांचा फाँट नव्या प्रणालींत नेऊन बसवितां आला असता. पण त्यांचा टंकलेखनाचा कार्यक्रम फक्त विंडोजवरच चाले. म्हणून जुनें बिऱ्हाड राहूं द्यावयाचें आणि त्याच घरांत, भिंत घालून, दुसरें बिऱ्हाड वसवावयाचें, असें ठरलें.

आबांनीं माझें सर्व म्हणणें ऐकून घेतलें आणि एकच प्रश्न विचारला, ‘माझ्या फाइलींची नक्कल काढलीस का?’ लेथवर काम करणाऱ्या माणसाचा हा स्वभावच असतो. ड्रॉइंग वाचल्यावांचून जॉबला टूल लावावयाचें नाहीं, असें ते आम्हांस नेहमीं सांगतात. कारण कापलेलें लोखंड परत चिकटत नाहीं. मीं त्याच दिवशीं सर्व एकतीस फाइली पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या आणि त्यांना दाखविल्या.

येथवर सर्व ठीक होतें. पण घरांत पेनड्राइव्ह एकच होता. लिनक्स बसविण्यासाठीं तें आधीं पेनड्राइव्हवर उतरवावें लागतें, आणि तसें करतांना त्यावरील पूर्वींचें सर्व पुसलें जातें. दुसरा पेनड्राइव्ह आणावयाचा तर दुकान फार तर दहा मिनिटांच्या वाटेवर होतें. मीं आळस केला. ‘तासाभराचें तर काम! मूळ फाइली संगणकांत आहेतच,’ अशी मीं मनाची समजूत घातली आणि ती नक्कल पुसून टाकली. दुपारीं आबांनीं पुनः विचारलें, ‘नक्कल आहे ना रे?’ मीं ‘हो’ म्हणालों. सकाळीं तें खरें होतें. दुपारीं तें खोटें होतें, आणि तें खोटें आहे हें मला ठाऊक होतें.

पेनड्राइव्ह लावून यंत्र सुरू केलें, तेव्हां नवी प्रणाली पडद्यावर आली. तिची सोय अशी, कीं हार्ड डिस्कला धक्का न लावतां ती पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहतां येते. ध्वनि ठीक, इंटरनेट ठीक, मराठी अक्षरें तर सुरेख! मला मोठा हुरूप आला. मग भिंत घालण्याचें काम निघालें. आमची हार्ड डिस्क ५०० जीबीची. जुन्या बिऱ्हाडानें पसरून ठेवलेलें सामान एका बाजूस सरकवून नव्यासाठीं १०० जीबीची जागा मोकळी करावयाची होती. हें सामान हलविणें हाच या कामांतील नाजूक भाग. तें चालू असतां मध्यें थांबतां येत नाहीं. पडद्यावर एक निळी पट्टी हळूहळू पुढें सरकत होती. ती अर्ध्याहून थोडी पुढें गेली असेल नसेल, तोंच वीज गेली.

वीज जाणें ही कांहीं मोठी नवलाची गोष्ट नव्हे. यंत्रास जोडलेली यूपीएसची पेटी आमच्याकडे होती. पण तिची बॅटरी निकामी होऊन दोन वर्षें झालीं होतीं आणि ती बदलण्याचें कोणासहि सुचलें नव्हतें. खोलींत अंधार झाला. पंख्याची घरघर थांबली. पलीकडच्या खोलींतून आबा म्हणाले, ‘येईल दहा मिनिटांत.’ ती पस्तीस मिनिटांनीं आली. तेवढा वेळ मी त्या काळ्या पडद्यासमोर बसून होतों. वीज आल्यावर यंत्र सुरू केलें. विंडोजचें चिन्ह दिसलें, दोषाची एक सूचना आली, आणि यंत्र पुनः मुळापासून सुरू झालें. असें चार वेळां झालें. पांचव्यांदां बटण दाबण्याचें मला धैर्य झालें नाहीं.

त्या रात्रीं मीं जेवलों नाहीं. आईनें विचारलें तेव्हां पोट दुखतें म्हणून सांगितलें. म्हणजे एका खोट्यास दुसऱ्याची जोड मिळाली. शेवटीं दहाच्या सुमारास मी आबांच्या अंथरुणाशीं जाऊन बसलों आणि सगळें सांगून टाकलें. नक्कल पुसल्याचें सांगितलें आणि दुपारीं खोटें बोलल्याचेंहि सांगितलें. ते रागावतील, अशी माझी अपेक्षा होती; रागावले असते तर मला बरेंहि वाटलें असतें. ते कांहीं वेळ छताकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, ‘आतां त्या यंत्राला हात लावूं नकोस. बिघडलेला जॉब घाईनें दुरुस्त करायला गेलें, कीं तो पुरता जातो. उद्यां जाणत्या माणसाला विचारूं.’

आमच्या इमारतींत एक दादा राहतात. ते हिंजवडीस संगणकाच्याच कामावर आहेत. दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं ते आले. आबांनीं सांगितलें तेंच त्यांनीं निराळ्या शब्दांत सांगितलें. बिघडलेल्या डिस्कवर नवें एक अक्षरहि लिहावयाचें नाहीं. आधीं ती जशी आहे तशी, अगदीं कणाकणानें, दुसऱ्या डिस्कवर उतरवावयाची. आणि दुरुस्तीचे प्रयोग त्या नकलेवर करावयाचे, मुळावर नव्हेत. त्यांनीं आपली मोठी डिस्क आणली आणि माझ्याच पेनड्राइव्हवरील लिनक्स चालवून त्यांतील एका कार्यक्रमानें उतरवणी सुरू केली. ज्या प्रणालीच्या हौसेपायीं मीं हा घोटाळा केला, तीच आतां शुश्रूषेस उभी राहिली होती! उतरवणी रात्रभर चालली. तत्पूर्वीं दादांनीं स्वतःचा यूपीएस वर आणून जोडला होता. नंतर दोन दिवस सायंकाळीं बसून त्यांनीं नकलेवरील नोंदी दुरुस्त केल्या आणि एकेक फाइल उघडून पाहिली. एकोणतीस प्रकरणें शाबूत निघालीं. दोन गेलीं. एक दुष्काळाचें, आणि दुसरें भोसरींतल्या पहिल्या वर्षाचें.

यानंतरची हकीकत थोडक्यांत सांगतां येईल. मीं साठविलेल्या पैशांतून दोन पेनड्राइव्ह आणले; बाबांनीं यूपीएसची बॅटरी बदलली. आबांच्या फाइली तीन निरनिराळ्या ठिकाणीं ठेवल्या. त्यांपैकीं एक पेनड्राइव्ह आत्याकडे साताऱ्यास पाठविला. डिस्क पुसून विंडोज पुनः बसविलें, आबांचा टंकलेखनाचा कार्यक्रम त्यांत घातला, आणि मगच लिनक्ससाठीं जागा केली. आतां यंत्र सुरू केलें, कीं पडद्यावर दोन नांवें येतात आणि तें आपल्या निवडीची कांहीं क्षण वाट पाहतें. घर एक, दार एक. पण एका वेळीं एकच बिऱ्हाड जागें असतें. नवें बिऱ्हाड जुन्याच्या खोलींत जाऊन फाइली वाचूं शकतें. जुन्यास मात्र नव्याची खोली दिसतहि नाहीं.

बिऱ्हाडें दोन झालीं, कीं कुरबुर आलीच. एके दिवशीं सायंकाळीं साडेसात वाजतां आईनें संगणकावरील घड्याळ पाहिलें, तों त्यांत दुपारचे दोन वाजले होते. शोध केल्यावर मौज कळली. यंत्राच्या पोटांत एक लहानसें घड्याळ असतें. विंडोज त्यास स्थानिक वेळ समजतें. लिनक्स त्यास जागतिक प्रमाणवेळ समजून लावतें. आपली वेळ जागतिक वेळेच्या साडेपांच तास पुढें. म्हणून लिनक्स चालवून मग विंडोज उघडलें, कीं साडेपांच तास नाहींसे होत. लिनक्सला एक आज्ञा देऊन तेंहि स्थानिक वेळ मानूं लागलें, तेव्हां तंटा मिटला. आबा हसून म्हणाले, ‘चिंचवडला आम्ही चाळींत राहत होतों, तेव्हां नळावरून असेंच व्हायचें.’

परंतु खरें काम पुढेंच होतें. वांचलेलीं प्रकरणें युनिकोडांत आणावयाचीं मीं ठरविलें. त्यासाठीं कार्यक्रम मिळतात. पण त्यांवर डोळे मिटून विसंबून चालत नाहीं. जुन्या पद्धतींत ‘कि’ लिहितांना वेलांटी आधीं आणि ‘क’ मागाहून येतो. युनिकोडांत उच्चाराप्रमाणें ‘क’ आधीं. ‘कर्म’ शब्दांतला रफार जुन्या पद्धतींत शेवटीं बसतो. युनिकोडांत तो ‘म’च्या आधीं येतो. त्यामुळें ओळीओळीस चूक निघते, आणि प्रत्येक ओळ वाचून पाहावी लागते. अशा रीतीनें, ज्या लिखाणाचें मीं एक पानहि वाचलें नव्हतें, तें सारें मला शब्दशः वाचावें लागलें. आमच्या घरासमोरच्या इमारती जेथें आहेत तेथें ज्वारी उभी असे, हें मला त्यांतच प्रथम कळलें. पहिल्या पगारांतून आबांनीं पणजीस धाडलेल्या लुगड्याचा रंगहि त्यांतच कळला.

गेलेलीं दोन प्रकरणें आबा आतां पुनः सांगतात आणि मी तीं नव्या प्रणालींत टंकलिखित करतों. त्यासाठीं मीं इनस्क्रिप्ट कळफलक शिकलों. त्यांत स्वर आणि मात्रा डाव्या हाताखालीं, व्यंजनें बहुतेक उजव्या हाताखालीं. आरंभीं माझी गति इतकी मंद होती, कीं आबा एक वाक्य सांगून पान लावीत, तें खाऊन होईपर्यंत माझें वाक्य पुरें होत नसे. दुष्काळाचें प्रकरण झालें. मग भोसरीचें निघालें. एके दिवशीं ते सांगत होते, आणि मध्येंच थांबले. नंतर म्हणाले, ‘लिही. पहिल्या वर्षीं एक शाफ्ट माझ्या हातून मापापेक्षां कमी कापला गेला. मीं तो भंगाराच्या पेटींत तळाशीं दडवला. दुसऱ्या दिवशीं तो सांपडला आणि बोलणीं खावीं लागलीं माझ्या शेजारच्या मशीनवरच्या माणसाला. मी गप्प राहिलों.’

मीं विचारलें, ‘आबा, हें पहिल्या वेळींहि लिहिलें होतें का?’

ते म्हणाले, ‘नाहीं. तेव्हां लिहवलें नाहीं. तूं त्या रात्रीं येऊन सांगितलेंस, तेव्हांपासून तें माझ्या मनांत आहे.’

मीं तें लिहून घेतलें. पहिलें प्रकरण गेलें, तें गेलेंच; तें तसेंच्या तसें परत यावयाचें नाहीं. त्यांत काय काय होतें हें आतां आबांनाहि पुरतें आठवत नाहीं, आणि याचें दुःख मला नेहमीं राहील. एका नकलेचें मोल दहा मिनिटांच्या वाटेएवढेंच होतें. माझ्या वर्गमित्रांपैकीं कोणी आपल्या घरच्या जुन्या यंत्रांत दुसरें बिऱ्हाड वसवूं पाहत असेल, तर त्यानें तें अवश्य वसवावें. काम मोठें आनंदाचें आहे, आणि तेरा वर्षांचें यंत्र त्यानें अजून पुष्कळ वर्षें कामीं येईल. मात्र भिंत घालावयास घेण्यापूर्वीं त्या घरांत कोणाचें काय ठेवलें आहे, हें त्यानें एकदां विचारावें. त्याची नक्कल दुसऱ्या ठिकाणीं ठेवावी. आणि ती ठेवली आहे का, असें कोणी विचारलें, तर खरें तेंच सांगावें.

आज सकाळीं आबांनीं स्वतः यंत्र सुरू केलें. दोन नांवें पडद्यावर आलीं. त्यांनीं जुन्या नांवावर बोट ठेवलें, क्षणभर विचार केला, आणि मग नव्यावर नेलें. ‘बत्तिसावें प्रकरण घे,’ ते मला म्हणाले. ‘त्यांत तूं आहेस.’

— एक विद्यार्थी, इयत्ता ९ वी